पंचवीस माणसांची आमटी

“आप्पा, तुम्ही चोविसावे आणि ह्या बाई पंचविसाव्या. आता आत कुणी नाही,” असं म्हणत ग्रामसेवकानं वहीत दोन रेघा मारल्या आणि चेअरमनांच्या फाटकाला आतून कडी घातली.

फाटकाबाहेर टेम्पो उभा होता. टेम्पोत आमची दोन पातेली, मोठी भट्टी आणि त्यांना टेकून बसलेल्या रत्ना नि शालन. भट्टी आणि सामान उतरवून घेतलं. त्या दोघींना काही उतरता आलं नाही.

“चेअरमनसाहेब, पुऱ्या लाटायला दोघी तरी घेऊ द्या,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, पन्नास हजार दंड हाय. लेकीचं लग्न, पर तिच्या सख्ख्या मामालाबी मी ये म्हटलं न्हाई. मामा व्हिडिओवर अक्षता टाकणार हाय.” बिरनाळे चेअरमन माणूस वाईट नव्हते. त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले. “पंचवीस माणसं, दोन तास. तुम्ही दोघं धरून पंचवीस. माझ्या भावाचा ल्योक त्याच्या घरी ठिवून मी तुम्हाला जागा केली.”

आप्पांनी टेम्पोवाल्याला हात केला. शालननं जाताना पदर तोंडाला लावला होता, पण तो मास्क नव्हता म्हणून की रडू आलं म्हणून, ते मला कळलं नाही. वर्षभर दोघींना धड काम नव्हतं. नुसतं भट्टीजवळ बसायला मिळेल म्हणून त्या आल्या होत्या.

ही दोन हजार एकवीसच्या मे महिन्यातली गोष्ट. दुसरा लॉकडाऊन. आमचं गाव मिरजेच्या पूर्वेला, आणि आमच्या त्या सगळ्या पट्ट्यात रुद्राप्पा शेट्यांच्या हातची आमटी नसलेलं लग्न म्हणजे कुंकू न लावलेली नवरी. आम्ही सगळे त्यांना आप्पाच म्हणायचो. तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. मी त्यांच्या हाताखाली बावीस वर्षं होते. सुरुवातीला पुऱ्या लाटायला गेले, मग लाटणाऱ्या चौदा बायकांवर देखरेख करायला लागले. पाचशे माणसांच्या खालचं काम आप्पांनी कधी घेतलं नाही. बारसं, साखरपुडा असलं कुणी विचारायला आलं, की म्हणायचे, “घरात बायका हाईत की, माझं काय काम?”

त्यांना थोडं करताच येत नव्हतं, हे खरं कारण. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. पण ते बोलायची वेळ कधी आली नव्हती.

मागच्या सव्वा वर्षात आम्हाला दोन कामं मिळाली होती. माझा नवरा इचलकरंजीत मागावर होता. माग बंद पडले तसा तो घरी येऊन खाटेवर बसला आणि छताकडे बघायला लागला. दोन पोरं दिवसभर एका मोबाइलवर शाळा शिकायची आणि भांडायची. रत्ना दुसऱ्याच्या रानात मिरच्या तोडायला जायची, शालनला तेही मिळत नव्हतं. चौदाजणींपैकी तिघींचे नवरे त्या वर्षात गेले. आप्पांकडे सगळ्या येऊन जायच्या. काम नाही हे माहीत असून यायच्या, ओसरीवर टेकायच्या आणि पाणी पिऊन निघून जायच्या.

म्हणून चेअरमनांचा निरोप आला तेव्हा आप्पांनी पंचवीस आकडा ऐकला आणि तरी हो म्हटलं.

त्यात दुसरीही एक गोष्ट होती. हायस्कुलाच्या वसतिगृहात आजाऱ्यांचं सेंटर उघडलं होतं. साठ माणसं, दोन वेळचं जेवण. डबे दुरून यायचे आणि गार होऊन यायचे. माणसं ताट तसंच परत करायची. गावानं कमिटी केली होती, तिच्यात चेअरमन होते. ते आदल्या दिवशी आप्पांना म्हणाले, “कमिटीतले दोघं उद्या पंगतीला हाईत. त्यांना जरा शंका हाय, हा माणूस हजाराचा, ह्याला साठाचं जमंल का म्हणून. उद्याचं जेवण गोड झालं की सोमवारपास्नं सेंटर तुमचं. तुम्ही आणि सहा बायका. रोजगार कमिटी दील.”

सहा बायका. कोणत्या सहा, ते मी रात्रीच मनात ठरवून टाकलं होतं.

परसात फणसाच्या झाडाखाली भट्टी मांडली. आमची भट्टी म्हणजे तिच्यावर माणूस बसेल एवढी. आमचं सगळ्यात लहान पातेलंसुद्धा चेअरमनांच्या घरच्या माणसांना आंघोळीला पुरलं असतं. म्हणून महादेवी वैनींनी, म्हणजे चेअरमनांच्या बायकोनं, घरातलं पातेलं काढून दिलं. भट्टीवर ते ठेवलं तर भल्यामोठ्या डोक्यावर तान्ह्या पोराची टोपी घातल्यासारखं दिसायला लागलं. आप्पांनी आपला चार फुटी डाव त्यात घातला, तर डाव बाहेरच जास्त. वैनी तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. आप्पा हसले नाहीत.

त्यांनी खिशातून एका जुन्या पत्रिकेचा मागचा कोरा कागद काढला. त्यावर पेन्सिलीनं सगळं लिहिलेलं होतं. हजाराच्या आमटीला काय काय लागतं ते एकाखाली एक, आणि प्रत्येकाला चाळीसनं भागलेलं. डाळ, चिंच, गूळ, खोबरं, मसाला. रात्रभर बसून गणित केलं असणार. बावीस वर्षांत मी त्यांच्या हातात कागद पाहिला नव्हता. त्यांचा हात पोत्यात जायचा आणि बरोबर तेवढंच घेऊन यायचा.

“बरोबर हाय का बघ गं भागाकार,” ते म्हणाले.

मी सातवी शिकलेली. बघितलं. बरोबर होता.

आता आप्पांच्या दोन पद्धती सांगायला हव्यात. एक म्हणजे नैवेद्य दाखवल्याशिवाय भट्टीवरचं काहीही कुणी जिभेला लावायचं नाही. त्यांच्या गुरूंनी घालून दिलेला नियम. ते स्वतःसुद्धा चाखायचे नाहीत. वासावर, रंगावर आणि हातावर स्वयंपाक व्हायचा. एकदा एरंडोलीच्या लग्नात शालननं बुंदीचे चार दाणे तोंडात टाकले, तर आप्पांनी ती सबंध परात उचलली, गाईंना घातली आणि पदरच्या साखर-बेसनाची नवी बुंदी पाडली. शालनला एक शब्द बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून आमच्यापैकी कुणी भट्टीजवळ जीभसुद्धा हलवली नाही.

दुसरी पद्धत मिठाची. आमटीत मीठ ते दोनदा घालायचे. निम्मं डाळ घोटताना आणि निम्मं फोडणी बसून उकळी फुटली की. मोठ्या काहिलीत एकदाच घातलेलं मीठ सारखं मिसळत नाही, तळाला बसतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या दिवशी डाळ घोटताना त्यांनी वाटीतलं मीठ हातावर घेतलं, कागदाकडे बघितलं आणि सगळं एकदम घातलं. “एवढ्याशा भांड्यात काय दोनदा घालायचं,” असं स्वतःशीच म्हणाले. मी पीठ मळत होते. मला ते स्पष्ट ऐकू आलं.

पुढे फोडणी झाली. मोहरी तडतडली, मसाल्याचा वास परसभर पसरला. पलीकडे मांडवात भटजींचा आवाज येत होता आणि कुणाच्या तरी मोबाइलमधून नवरीच्या मामाचा. आप्पा त्या वासानं जरा सैल झाले. किती दिवसांनी तो वास त्यांच्या नाकात गेला असेल. डाव फिरवत ते मला म्हणाले, “मालन, सेंटरवर आधी रत्नाला घे. तिचा ल्योक आजारी हाय.”

“व्हय आप्पा. आणि शालन.”

“शालन तर हायच की.”

आमटीला उकळी फुटली. आणि मी बघत असताना आप्पांचा उजवा हात मिठाच्या डब्यात गेला. मूठ भरून आला आणि पातेल्यावर उघडला.

हात सवयीनं गेला होता. आप्पा तेव्हा त्या पातेल्याकडे बघतही नव्हते. मांडवाकडे बघत होते. वैनी चार हातांवर पायरीवर बसून केळी सोलत होत्या. भिंतीपलीकडं कमिटीतले ते दोघं बोलत होते.

“आप्पा,” मी म्हटलं.

“काय?”

वैनींनी मान वर केली.

“काही न्हाई. पाणी पाहिजे काय म्हटलं.”

“नको.”

बास. एवढंच झालं. पुढं जे काही झालं ते ह्या तीन-चार शब्दांत ठरलं. मी तेव्हा स्वतःला सांगितलं, वैनींसमोर कसं बोलायचं, कमिटीच्या कानावर जाईल, म्हाताऱ्याची शोभा होईल. हे सगळं खरं होतं. पण त्याहून खरं हे होतं की मी बावीस वर्षांत आप्पांना तुमचं चुकलं असं कधी म्हटलं नव्हतं आणि मला ते म्हणायची भीती वाटली.

भट्टी मोठी, पातेलं लहान. आमटी भराभर आटत होती. कडेला घट्ट रेघ उमटायला लागली. मला घरी चार माणसांची आमटी करायची सवय, मला तो रंग बघून कळत होतं.

“मी आंघोळ करून येतो,” आप्पा म्हणाले. नैवेद्याच्या आधी ते आंघोळ करायचेच, कुठंही असोत. “तू पुऱ्या सोड.” वैनी केळ्यांची परात घेऊन त्यांना न्हाणीघर दाखवायला आत गेल्या.

परसात मी एकटी.

मी मास्क खाली ओढला, डावातली चार थेंब आमटी तळहातावर घेतली आणि चाखली. घशाखाली उतरेना. खारट कसली, कडूजहर. पंचवीस माणसांनी पहिल्या घासाला पाणी मागितलं असतं.

आता सांगावं तर ती आमटी उष्टी. शालनची बुंदी मला आठवली. आप्पा हे पातेलं उचलून गोठ्यात नेऊन ओततील आणि नव्यानं डाळ शिजत घालतील. ग्रामसेवक घड्याळ बघत फाटकात उभा होता. दोन तासांतला एक तास होत आला होता. जेवण झालं नाही तर सोमवारही नाही. रत्ना नाही, शालन नाही, आणि माझ्या घरात खाटेवरचा तो माणूस.

मी निम्मी आमटी मोरीत ओतली. त्या वर्षी, त्या दिवसांत, चांगल्या डाळीची आमटी मोरीत. मग बंबातलं कढत पाणी घातलं, डाळीचं पीठ कालवून लावलं, उरलेलं सगळं खोबरं वाटून ढकललं, गुळाचा खडा टाकला, चिंच पिळली. वरून थोडी नवी फोडणी दिली. पुन्हा चाखली. पुन्हा थोडं पाणी. तिसऱ्यांदा चाखली तेव्हा जमली होती. आप्पांची नव्हती ती, पण आमटी होती. मास्क वर केला आणि पुऱ्या सोडायला बसले. पहिली पुरी तेलात टाकली आणि मागे आप्पा उभे.

ओला पंचा, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांनी पातेल्यात बघितलं, मग माझ्याकडं. क्षणभर जास्तच बघितलं असेल, पण तेव्हा मला सगळ्यांचीच नजर जास्त वाटत होती.

“ताट वाढ,” ते म्हणाले.

मी नैवेद्याचं ताट वाढलं. आमटी, भात, पुरी, वांग्याची भाजी, गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर. त्यांनी वर केळीचं पान झाकलं आणि ताट घेऊन देवघरात गेले. मी मागे गेले नाही. पुऱ्या सोडत राहिले.

पंगत मांडवातच बसली, दोन माणसांत एक पान मोकळं सोडून. वाढायला मी एकटी. आप्पा नेहमीसारखे पंगतीच्या टोकाला हात जोडून उभे राहिले. ही त्यांची जुनी रीत. पहिला घास लोकांच्या तोंडात जातो तेव्हा ते चेहरे वाचायचे. त्यावेळी तर मास्क खाली आले होते. वर्षभरानं माणसांची तोंडं दिसत होती.

कमिटीतले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी आमटीत भात कालवला, घास घेतला आणि डोळे मिटले. “वा!” ते म्हणाले. “आप्पा, वा! माझ्या लग्नाची आठवण झाली बघा.”

“तुमच्या लग्नाला माझे गुरू हुते,” आप्पा म्हणाले. “मी चुलीत लाकडं सारत हुतो.”

सगळे हसले. चेअरमननी आमटी दोनदा घेतली. नवरदेवाची आई, जी सकाळपासून रुसलेली होती, तिनं वाटी पुढं केली. पातेलं तळ दिसेपर्यंत खरवडलं गेलं, आणि मला इतकं हलकं वाटलं की वाढता वाढता मी कमिटीवाल्या म्हाताऱ्याची चेष्टाही केली, “बाबा, उठायला माणूस लागंल आता.” मला वाटलं, झालं. निभावलं.

“पंधरा मिनिटं,” ग्रामसेवक फाटकातून ओरडला.

सगळे उठले. मग आम्ही दोघं बसलो. आचारी शेवटी जेवतो. मी आप्पांना वाढलं, त्यांच्यासाठी आधीच बाजूला काढलेली वाटीभर आमटी दिली. त्यांनी आधी नुसती वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला. वाटी खाली ठेवली. मग पुन्हा उचलली आणि संपवली. पानातलं सगळं संपवलं, बोटं पुसून. माझ्याकडं बघितलं नाही.

चेअरमन आणि वैनी नारळ, टॉवेल-टोपी घेऊन आले. मागे कमिटीतले दोघं. चेअरमननी आप्पांच्या डोक्यावर टोपी ठेवली. “आप्पा, सोमवारी सकाळी सातला सेंटरवर या. गॅस, सामान, सगळं तयार ठिवतो. बायका कोण ते तुम्ही ठरवा.”

आप्पांनी टोपी काढून हातात घेतली.

“काम मालनला द्या,” ते म्हणाले.

“म्हंजे?”

“सेंटरचं काम मालन बघंल. बायका ती घील. माझी भांडी घेऊन जाऊ दे. मी येत न्हाई.”

“असं काय करतासा? आता तर सगळी जेवली तुमच्या हातचं. पातेलं पुसून खाल्लं लोकांनी.”

“माझा हात हजाराचा हाय, चेअरमनसाहेब. थोड्यात मला अंदाज येत न्हाई. आज मालननं सावरलं. हिला चार माणसांचंबी जमतं आणि चारशेचंबी. साठ आजारी माणसं हाईत तिथं. त्यांच्या ताटावर मी शिकत बसू काय?”

कमिटीवाल्या म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. “बाई, जमंल?”

मी काय म्हणणार? हो म्हणावं तर आप्पांच्या पानात हात घातल्यासारखं, नाही म्हणावं तर सहा बायका. मी मान हलवली. हो का नाही, ते त्यांनी आपल्या सोयीनं समजून घेतलं.

टेम्पो परत आला तेव्हा ऊन माथ्यावर होतं. पुढं बसायला जागा होती, तरी आप्पा मागे भांड्यांजवळ बसले. मी त्यांच्यासमोर बसले. कॅनॉलचा पूल आला.

“चाखलीस न्हवं?” आप्पा म्हणाले.

मी घसरणारं पातेलं पायानं अडवलं.

“मास्कला आमटी लागलीया. आंघोळ करून आलो तवाच बघितली.”

माझा हात हनुवटीकडं गेला. मास्कच्या खालच्या कडेला तेलाचा लाल डाग होता. मी सबंध पंगत तो डाग लावून वाढत होते.

“मग ते ताट, आप्पा? देवाला उष्टं…”

“झाकल्यालंच ठिवलं. दुसरी आमटी करायला वेळ कुठं हुता? वैनींकडनं वाटीभर साखर मागून घेतली, ती दाखवली. साखर चालती देवाला. दूध चालतं. नड असंल तवा गुळाचा खडाबी चालतो.”

बावीस वर्षं मी त्यांच्या भट्टीजवळ बसले आणि हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. साखरेची वाटी देवाला दाखवून मग चाखता आलं असतं. दहा पावलांवर देवघर होतं.

“किती चुकलो हुतो मी?” त्यांनी विचारलं.

“दुप्पट झालं हुतं.”

“म्हंजे दोनदा घातलं.”

“व्हय.”

“तू बघितलंस?”

“व्हय.”

“घालताना?”

टेम्पो खड्ड्यातून गेला. पातेली एकमेकांवर आपटली. ती थांबेपर्यंत मी थांबले.

“व्हय, आप्पा. घालताना बघितलं.”

त्यांनी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी पायावर डोकं ठेवलं असतं आणि गोष्ट तिथं मिटली असती.

“हात धरायचा हुतास माझा,” ते म्हणाले.

मला रडू फुटलं. मास्क भिजून तोंडाला चिकटला तरी मी तो काढला नाही. “आप्पा, सोमवारी तुम्हीच चला. मी आता सांगत जाईन. तुमच्या गळ्याशप्पथ सांगत जाईन.”

“आता काय उपेग न्हाई गं.” ते अगदी साधेपणानं बोलत होते, भाजीचा भाव सांगावा तसं. “आता मी मीठ घातलं की तू माझ्या हाताकडं बघणार आणि मी तुझ्या तोंडाकडं. असा स्वयंपाक हुतो व्हय? आज लोकं वा म्हणत हुती आणि मी तिथं हात जोडून उभा हुतो. आमटी चाखली तवा कळलं, मी दुसऱ्याच्या कौतुकाला मान हलीवत हुतो. चोर झालो मी, मालन. आणि मला म्हाईतबी नव्हतं.”

मग त्यांनी टोपी घडी करून खिशात घातली आणि रस्त्याकडं बघत बसले.

सोमवारी मी सेंटरवर गेले. रत्ना, शालन आणि आणखी चौघी. चार महिने साठ-सत्तर माणसांचं दोन वेळचं केलं. सेंटर बंद झालं तेव्हा आमच्या सात घरांनी तेवढे महिने बाजारातून उधार काही आणलं नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही मी तिथं पाणी भरायला लावलं, तो खाटेवरून उठला. आप्पांनी पातेली आणि भट्टी पाठवून दिली. स्वतः आले नाहीत. भाच्याच्या किराणा दुकानात बसायला लागले. मी तेल-मसाला तिथूनच न्यायची. ते सामान काढून द्यायचे, पोरांची चौकशी करायचे. स्वयंपाकाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बंधनं उठली आणि लग्नं अशी सुटली की मांडववाले रडकुंडीला आले. माणसं नारळ घेऊन आप्पांच्या दारात यायला लागली. आप्पा त्यांना माझं घर दाखवायचे. पहिलंच मोठं काम नऊशे माणसांचं आलं. मी आप्पांच्या घरी पाच वेळा गेले. भट्टीजवळ खुर्ची टाकून नुसते बसा, म्हणून हातापाया पडले. पाचव्यांदा ते म्हणाले, “भट्टीजवळ येणार न्हाई. पंगतीला येतो.”

आले. पहिल्या पंगतीत दोनशे पानं होती. त्यात मधोमध बसले. आयुष्यभर शेवटी जेवणारा माणूस पहिल्या पंगतीत पान मांडून बसलेला बघून जुनी माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. आमटी वाढायला मी कुणाला दिली नाही. स्वतः बादली घेतली. त्यांच्या पानाशी आले, भातावर आमटी घातली आणि तिथंच उभी राहिले. त्यांनी कालवून घास घेतला.

“आप्पा, मीठ?” मी विचारलं.

आमच्याकडं पंगतीत अन्नाला नाव ठेवत नाहीत. खारट असो, अळणी असो, पानात पडेल ते गोड म्हणून खायचं. शेजारची माणसं खाली मान घालून जेवत होती, पण कान आमच्याकडं होते. यजमान दोन हातांवर उभा होता.

“कमी हाय,” आप्पा मोठ्यांदा म्हणाले.

वाढपी जागच्या जागी थांबले. यजमानानं माझ्याकडं बघितलं. सकाळी मीठ घालताना माझा हात आखडला होता, देवाला साखर दाखवून मी चाखलंही होतं आणि चालेल म्हणून पुढं गेले होते. आप्पा खरं बोलत होते.

मी बादली खाली ठेवली. मिठाचा वाडगा उचलला आणि पंगतीच्या पहिल्या पानापासून सुरुवात केली. “आमटीत मीठ कमी पडलंय. माझी चूक झाली. लावून घ्या,” असं प्रत्येकाला सांगत, प्रत्येक पानावर चिमूट ठेवत गेले. दोनशे पानं होती. वाकून वाकून कंबर मोडली. शेवटच्या पानापर्यंत जाऊन परत आले, तेव्हा आप्पांनी भात पुन्हा मागून घेतला होता, मध्ये आळं केलं होतं आणि ते आमटीची वाट बघत बसले होते.